उपकारस्तुती म्हणजे काय? जालन्याच्या ‘बेथेल’मागची गोष्ट

जालना म्हटलं की मस्तगड आठवतो, १७२५ च्या सुमारास निजामाच्या काळात बांधलेली गढी. पण याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात ‘बेथेल’ नावाची एक वस्ती उभी राहिली. ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

शेषाद्री देशस्थ ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मोठं वादळ उठलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलाचा ताबा वडिलांना मिळाला. श्रीपतला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे आले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. एका निर्णयाने घर दुभंगलं. नारायणराव मात्र मागे फिरले नाहीत. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढे ते जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि तिथे प्रामुख्याने मांग समाजातून आलेली ख्रिस्ती कुटुंबं वसली. ब्राह्मण घरात वाढलेल्या माणसाने त्या काळी हे केलं, हे आजही थांबून वाचण्यासारखं आहे. १८९१ मध्ये परदेशातून परतताना बोटीवरच त्यांचं निधन झालं.

बेथेल हे नाव बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं, अर्थ ‘देवाचं घर’. भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब रानात धोंडा उशाला घेऊन झोपतो. सकाळी तोच धोंडा उभा करून, त्यावर तेल ओतून, त्या जागेला हे नाव देतो आणि जे मिळेल त्याचा दशांश देण्याचा नवस करतो. हातात अजून काहीच नाही, पुढचं पोट कुठे भरणार हेही ठाऊक नाही, आणि देण्याची भाषा आधी!

मराठी ख्रिस्ती माणूस ‘कृतज्ञता’ क्वचितच म्हणतो. त्याचा शब्द ‘उपकारस्तुती’. वाढदिवस, नवं घर, दवाखान्यातून सुटका, अशा वेळी घरी जी प्रार्थना होते ती उपकारस्तुतीची. पण सगळं छान चाललं की आभार, एवढाच तिचा अर्थ नाही. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सर्व परिस्थितीत आभार मानायला सांगतो. परिस्थिती‘बद्दल’ नव्हे, परिस्थिती‘त’. हा फरक छोटा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. कर्ज, आजारपण, मृत्यू यांना चांगलं म्हणा, असं इथे कोणी सांगत नाही. फिलिप्पैकरांना चिंता सोडून आभारासह मागणी करा असं लिहिणारा हाच पौल, ते पत्र लिहिताना स्वतः कैदेत होता.

दुसरा शब्द ‘धीर’. मूळ ग्रीक शब्दात ओझ्याखाली टिकून राहण्याचा अर्थ आहे. रोमकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात क्रम असा येतो: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेला स्वभाव, आणि त्यातून आशा. आशा शेवटी येते, सुरुवातीला नाही.

पंडिता रमाबाईंचं शेवटचं वर्ष इथे आठवतं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई त्या वेळी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

आता रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘आजचं वचन’बद्दल. यिर्मया २९:११ तुम्ही नक्की पाहिलं असेल: देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत. फुलांच्या फोटोवर ते छान दिसतं. पण ते बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षांची मुदत आहे. घरं बांधा, बागा लावा, राहता त्या शहरासाठी प्रार्थना करा, असं ते पत्र सांगतं. फॉरवर्ड करण्याआधी आख्खा अध्याय वाचा. पाच-सात मिनिटं लागतात.

आणि आभार ओठावर येतच नसतील तर? स्तोत्रसंहितेत तक्रारीची, रडण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. तरीही तीही प्रार्थनाच मानली गेली. म्हणून आधी रडगाणं मांडलं तर श्रद्धा कमी पडली असं होत नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दिवसातून एक स्तोत्र मोठ्याने वाचावं आणि त्या दिवसातली एक नेमकी गोष्ट नाव घेऊन सांगावी. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ हे फार लवकर पाठ होतं.

हेच सामुदायिक रूपात पाहायचं असेल तर अनेक चर्चमधला हार्वेस्टचा सण पाहा. लोक शेतातलं धान्य, भाजी, अंडी, कोंबडी वेदीपुढे आणतात आणि भक्तीनंतर लिलाव होतो. एखादा साधा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, आणि घेणारा तो पुन्हा लिलावात ठेवतो.