हलती दृष्टि आणि सोबत हलणारें भिंग

मंडणगड तालुक्यांतील एखाद्या शाळेंत असा विद्यार्थी असतो, कीं जो फळ्याकडे पाहतांना मान नेहमीं एकाच बाजूस वळवितो. त्याचे डोळे घड्याळाच्या लंबकाप्रमाणें इकडून तिकडे हलत असतात. गुरुजी ‘मान सरळ कर’ म्हणून दटावतात, सोबती नक्कल करतात आणि घरीं आजी मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढते. वस्तुतः ती वळलेली मान हा चाळा नसून, त्या मुलानें आपल्यापुरता शोधून काढलेला उपाय होय.

या विकारास वैद्यकांत निस्टॅग्मस म्हणतात. मराठींत त्यास नेत्रकंप म्हणतां येईल. मूळ ग्रीक शब्द झोपाळू माणसाच्या डुलकीवरून आला आहे. डुलकी घेणाऱ्याची मान जशी हळूच कलते व दचकून वर येते, तशीच कित्येकांच्या डोळ्यांची गति असते. हा कंप पुष्कळदां जन्मतः किंवा पहिल्या कांहीं महिन्यांत दिसूं लागतो. ज्यांची त्वचा व केस उपजतच वर्णहीन असतात त्यांच्यांत तो विशेष आढळतो. नवल हें, कीं अशा माणसास जग हलतांना दिसत नाहीं. तें स्थिरच, पण अस्पष्ट दिसतें. एका विशिष्ट दिशेस पाहिलें असतां कंप बहुधा मंदावतो, आणि त्या दिशेचा लाभ मिळावा म्हणूनच मूल मान वळवितें. प्रौढपणीं कंप अचानक सुरू झाल्यास मात्र गोष्ट निराळी. तो मेंदूच्या किंवा कानाच्या विकाराचा इशारा असूं शकतो व तेथें विलंब करूं नये.

अशा डोळ्यांना चष्मा द्यावा कीं कॉन्टॅक्ट लेन्स, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. त्याचें उत्तर या दोन साधनांच्या इतिहासांत दडलेलें आहे.

चष्मा इटलींत सुमारें १२८६ सालीं जन्मला. पुढें पांच शतकांहून अधिक काळ त्याचीं भिंगें केवळ बहिर्गोल किंवा अंतर्गोल असत. कित्येक डोळ्यांचा पुढील पारदर्शक पडदा सर्व दिशांना सारखा वक्र नसतो, हा दोष त्यांनीं जात नसे. इंग्रज ज्योतिर्विद जॉर्ज एअरी याच्या डाव्या डोळ्यांत हाच दोष होता. त्यानें स्वतः गणित मांडून १८२५ सालीं निराळ्या घडणीचें भिंग करवून घेतलें; आज आपण ज्यास ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतों तो हाच. नेत्रकंप असलेल्या पुष्कळांस असा नंबर असतो, म्हणून एअरीची युक्ति त्यांच्या मोठ्या उपयोगाची ठरली. चष्मा कंप थांबवीत नाहीं. परंतु कंपावर नंबराच्या दोषाची जी भर पडलेली असते, ती तो दूर करतो.

चष्म्यास एक मर्यादा मात्र आहे. भिंगांतून स्वच्छ दिसतें तें मध्यभागीं. मान वळवून तिरपें पाहणाराची नजर कडेंतून जाते, आणि नंबर मोठा असल्यास तेथें आकृति वांकडी व पुसट होते. डोळा हलतो, भिंग नाकावर स्थिर राहतें.

ही अडचण ज्या साधनानें सुटावयाची, तें मुळांत भलत्याच कारणासाठीं निर्माण झालें. अडोल्फ फिक या नेत्रवैद्यानें झुरिक येथें १८८८ सालीं डोळ्यावर बसणाऱ्या कांचेच्या वाट्या करविल्या. प्रथम सशांवर, मग स्वतःवर आणि नंतर रोग्यांवर त्या लावून पाहिल्या. पुढील वर्षीं आउगुस्ट म्युलर या जर्मन विद्यार्थ्यानें आपल्या वजा चौदा नंबरासाठीं तशीच कांच घासली. ती त्यास जेमतेम अर्धा तास सोसवे. १९४८ सालीं अमेरिकेंत केविन टुओही यानें केवळ बुबुळापुरतें लहान प्लॅस्टिकचें भिंग केलें. झेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यानें १९६१ च्या नाताळांत घरींच, मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर, मऊ भिंगें पाडलीं. १९७१ सालीं तीं अमेरिकेंत विक्रीस आलीं. अशा भिंगाचा मोठा गुण हा, कीं डोळा जिकडे जाईल तिकडे तें त्याच्या मध्यासह जातें.

यावरून आशा वाढली. भिंगाचा पापणीस होणारा स्पर्शच कंप शांत करतो, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं १९८८ सालीं मांडलें. पुढें इंग्लंडांतील लेस्टर येथें चोवीस जणांवर मऊ व कठीण अशा दोन्ही भिंगांची तुलनात्मक चाचणी झाली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत कंप उल्लेखनीय प्रमाणांत कमी झाल्याचें आढळलें नाहीं. सारांश, कॉन्टॅक्ट लेन्स हा कंपावरचा इलाज नव्हे. मोठ्या नंबराच्या वळत्या डोळ्यास सोईचें असें तें भिंग आहे.

मग मंडणगडासारख्या ठिकाणीं निवड कशी करावी? येथें चार महिने धो धो पाऊस, पुढें लाल मातीची धूळ, पाणी विहिरीचें किंवा नळाचें. या भिंगास कसलेंही पाणी लागतां कामा नये. पाण्यांतील सूक्ष्म जीव डोळ्याच्या पारदर्शक पडद्याची कायमची हानि करूं शकतात. तें लावून झोंपणें किंवा खाडींत पोहणें धोक्याचें. डोळा लाल झाला तर भिंग तत्काळ काढून नेत्रवैद्य गांठावा लागतो, आणि तो दर वेळीं जवळ असतोच असें नाहीं. म्हणून लहान मुलास प्रथम चष्माच बरा. नंबर मोठा असेल, मान फार वळत असेल आणि मुलगा किंवा मुलगी स्वतः स्वच्छता राखण्याजोगी झाली असेल, तर वैद्याच्या सल्ल्यानें दुसरा मार्ग चोखाळावा; तरीही चष्मा जवळ असावाच.

नंबर तपासतांनाही दोन गोष्टी ध्यानीं ठेवाव्या. एक डोळा पूर्ण झांकल्यास कित्येकांचा कंप वाढतो, हें तपासणारानें जाणून घ्यावें. चष्मा बसवितांना मूल नेहमीं जसें पाहतें तसेंच त्यास पाहूं द्यावें व भिंगाचा मध्य त्या नजरेशीं जुळवावा.

भिंग कोणतेंही असो, धाकानें कंप वाढतो, हें शिक्षकांनीं व पालकांनीं विसरूं नये. त्या विद्यार्थ्याची मान सरळ करण्याऐवजीं त्याचा बाक फळ्याच्या सोईच्या बाजूस हलवावा. या उपायास पैसा लागत नाहीं, आणि तो उद्यां शाळा भरतांच करतां येईल.