रद्द झालेला 'देश' आणि गोंगाटाखालचा आवाज

जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम लोकांची, देशांची स्वतःची एक यादी आहे. ती संयुक्त राष्ट्रांच्या यादीशी जुळत नाही. तिच्यात अंदमान-निकोबार भारतापासून वेगळं धरलं आहे, लक्षद्वीपही वेगळं. यादीच्या शेवटी 'रद्द झालेले' असा एक भाग आहे. तिथं फ्रेंच इंडिया आहे, सिक्कीम आहे, आणि गोवाही आहे. गोव्यापुढची नोंद अशी: सीआर८, फक्त ३१ डिसेंबर १९६१ पर्यंतचे संपर्क धरले जातील.

मंडळी, आपल्या गोव्याच्या मुक्तीवर खूप लिहून झालं आहे. ही एक ओळ मात्र सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. हॅम स्टेशनला सरकार एक खूण देतं, तिला कॉल साइन म्हणतात. पहिल्या अक्षरांवरून देश कळतो. भारताचं व्हीयू, पोर्तुगालचं सीटी, आणि पोर्तुगीज राजवटीतल्या इथल्या मुलखाचं सीआर८. यादीत गोवा एक आणि दमण-दीव दुसरा, असे दोन 'देश' होते. १९ डिसेंबरला राजवट गेली आणि वर्षाच्या शेवटच्या तारखेला हे दोन्ही देश यादीतून गेले. ज्यांनी त्याआधी गोव्याशी संपर्क साधला होता त्यांच्याकडे तो कायमचा राहिला. बाकीच्यांना आता कितीही तारा उभारल्या तरी तो मिळायचा नाही.

मी मुळगावचा, डिचोली तालुका, केळबायचं गाव. मुंबईत नोकरीला असताना हॅमचा परवाना काढला. तेव्हा मोर्स यावं लागायचं. दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्द, पहिल्या श्रेणीला १२. खोलीतले सोबती झोपले की मी उशीवर बोटानं कट्ट-कडकट्ट वाजवत बसायचो. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा ट्रान्समीटर आणला, आणि माडापासून फणसापर्यंत तार ताणली. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कपडे सुकत घालूंक इतकी उंच?"

रेडिओ म्हटलं की आमच्या पिढीच्या घरात एक गोष्ट निघतेच. १५ ऑगस्ट १९५५ ला पेडण्यात पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मग नाकेबंदी आली, सीमा बंद झाली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आंबोलीच्या रानातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू झाला. तारीख मुद्दाम निवडलेली. १५१० साली त्याच दिवशी आल्बुकेर्कनं गोवा घेतला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जवळजवळ सहा वर्षं, पुढं कॅसलरॉकच्या जंगलातून, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये हे केंद्र चालवलं. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. माझे आजोबा सांगायचे, दार लावून, कान अगदी रेडिओला टेकवून ऐकायचं. आवाज यायचा, बुडायचा, परत वर यायचा. मधली वाक्यं आपल्या मनानं जोडून घ्यायची.

ते हॅम स्टेशन नव्हतं, लढ्याचं प्रसारण होतं. पण आजोबांचं ते 'जोडून घेणं' मला पुढं फार उपयोगी पडलं, कारण हल्ली हॅमांच्या जगात ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतो ती गोष्ट नेमकी हीच आहे: गोंगाटात बुडालेला सिग्नल वर काढणं.

याचं मूळ एका खगोलशास्त्रज्ञाकडे आहे. जो टेलर, अमेरिकन, पोरवयापासून हॅम. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी आरेसिबोच्या दुर्बिणीवर एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीतला पल्सार शोधला. १९९३ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पल्सार म्हणजे ठरावीक तालात ठोका देणारा तारा. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत ना, तिथंही हे ठोके ऐकायचं काम चालतं. ठोका इतका क्षीण असतो की एकट्यानं दिसतच नाही. ताल माहीत असेल तर हजारो ठोके एकावर एक रचायचे, म्हणजे गोंगाट मागं पडतो आणि ठोका वर येतो.

टेलरांनी २००१ पासून ही समज हॅमांसाठी सॉफ्टवेअरमध्ये आणली. आधी उल्केच्या शेपटीवरून आणि चंद्रावर आपटून परत येणाऱ्या सिग्नलसाठी. चंद्रावर जाऊन यायला अडीच सेकंद लागतात आणि परत येतं ते जवळजवळ शून्यच. मग २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर आलं, त्याला सगळे 'व्हिस्पर' म्हणतात, आणि २०१७ च्या जूनअखेर टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांचं एफटी८. बघता बघता अर्धं जग त्याच्यावर गेलं.

हे चालतं कसं? शिरगावच्या लईराईच्या जत्रेची कल्पना करा. ढोल, माणसं, भोंगे. त्यात पलीकडून कुणी तुम्हाला हाक मारली तर ऐकू येणार नाही. पण आधीच ठरलं असेल की घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याला तो आठ ठरावीक सुरांतच शिट्टी वाजवणार, आणि निरोप नेहमी एकाच साच्याचा असणार, तर नेमके तेवढेच सूर धरून ऐकणारा कान निरोप ओळखेल. एफटी८ मध्ये दर १५ सेकंदांची एक पाळी. त्यात १२.६४ सेकंद ७९ सूर वाजतात. मूळ निरोप फक्त ७७ बिटांचा, पण पाठवताना तो १७४ बिटांचा करतात, म्हणजे वाटेत थोडं हरवलं तरी उरलेल्यावरून बाकीचं काढता येतं. आजोबांचं वाक्य जोडणं आता गणित करतं. दोन्हीकडची घड्याळं साधारण सेकंदाच्या आत जुळलेली हवीत, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आणि मिळतं काय? गोंगाट सिग्नलच्या सव्वाशे पट असला तरी निरोप उलगडतो. मोर्समध्ये मुरलेला कान साधारण तीसेक पटींपर्यंत जातो. बोलण्याला तर सिग्नलच गोंगाटापेक्षा वर लागतो. मुळगावात मिरगाच्या आधी विजा सुरू झाल्या की चाळीस मीटरवर नुसती कडकड असते. वर एलईडी दिवे, इन्व्हर्टर, खारट दमट हवेत चरचरणाऱ्या विजेच्या तारा. गावात लाईट गेली की सगळे बोटं मोडतात, मी मात्र बॅटरीवर रेडिओ लावतो. तेवढीच शांतता. अशा ठिकाणी एफटी८ वर पाच-दहा वॅटमध्ये ब्राझील, जपान, फिनलंड मिळतं.

यात जागा सांगायची रीत मला विशेष आवडते. पृथ्वी चौकोनांत वाटली आहे, दोन अंश रुंद, एक अंश उंच. मुळगाव एमके६५ मध्ये येतं. या चौकोनाचा अर्ध्याहून जास्त भाग अरबी समुद्रात आहे. उरलेल्यात पणजी, म्हापसा, डिचोली, पेडणे, आणि सावंतवाडी, वेंगुर्लाही. वाळपईला गेलात की एमके७५ लागतं. म्हणजे राज्याची हद्द या चौकोनाला ठाऊकच नाही. आपल्यापैकी किती घरांची सोयरीक सावंतवाडीकडे आहे! पेडणे १७८८ पर्यंत भोसल्यांच्या अमलात होतं. कागदावरच्या रेषा बदलत गेल्या, पण एमके६५ मध्ये आपण सगळे अजून एकाच घरात आहोत.

आता वादाकडे येतो. माझे बेळगावचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, मोर्सवाले. त्यांचं मत: "हे म्हणजे लग्नाला जायचं, पाकीट द्यायचं, वहीत नाव लिहायचं आणि न जेवता परत यायचं." खोटं नाही. एफटी८ च्या संपर्कात कॉल साइन, चौकोन, सिग्नल किती आला, मिळालं, नमस्कार, बस्स. दीडेक मिनिटात संपतं. बरंचसं काम संगणकच करतो. माझ्या नातवानं एकदा शेजारी बसून विचारलं, "आबा, तो मनीस कितें सांगता?" मी म्हटलं, "नांव सांगता, गांव सांगता, आमचो आवाज कितलो येता तें सांगता." "आनी मागीर?" मागीर काय, काहीच नाही. पोरगं उठून खेळायला गेलं.

दुसरी बाजू डोंबिवलीच्या मित्राची. त्यांची सोसायटी गच्चीवर तार लावू देत नाही. खिडकीच्या गजाला बांधलेल्या तुकड्यावर तो एफटी८ चालवतो आणि म्हणतो, "हे नसतं तर मी सेट विकला असता." आणखी एक जुने हॅम आहेत, ऐंशी पार केलेले, कान गेले. मोर्स हातात आहे पण ऐकू येत नाही. पडद्यावर अक्षरं उमटतात म्हणून त्यांचा रेडिओ अजून चालू आहे. त्यांना जाऊन सांगा की हा खरा रेडिओ नव्हे!

माझं मत दोघांच्या मध्ये आहे. या पद्धतीनं वाट उघडी आहे की नाही ते कळतं, आणि ते फार मोठं आहे. पण वाट उघडी असणं म्हणजे बोलणं झालं असं नाही. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या हॅम संस्थेचा गट भारती प्रसाद यांच्यासोबत पोर्ट ब्लेअरला होता. दुर्मिळ 'देश' म्हणून जगभरचे हॅम अंदमानला हाका मारत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. त्याच क्षणी खेळ थांबला आणि तीच स्टेशनं निरोप पोचवू लागली. कोण जिवंत आहे, कुठं आहे, काय हवं आहे. ते बोलून झालं. एफटी८ मध्ये मोकळा मजकूर एका वेळी १३ अक्षरांचा, मोकळ्या जागा धरून. तेवढ्यात कुणाच्या आईला काय कळवणार? पुढं २०१८ मध्ये यातूनच जेएस८कॉल निघालं, त्यात सावकाश का होईना वाक्यं लिहिता येतात. गरज ओळखून कुणीतरी केलं म्हणायचं.

ही १३ अक्षरं मला एकदा चांगलीच जाणवली. एका संध्याकाळी वीस मीटरवर मी सीक्यू देत होतो, म्हणजे कुणीही या. पडद्यावर सीटीनं सुरू होणारी कॉल साइन उमटली. पोर्तुगाल. सिग्नल उणे १९, कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला माझं एमके६५ गेलं, मला त्याचा चौकोन आला, नमस्कार झाला, संपलं. मी खुर्चीत तसाच बसलो. डिचोलीतून लिस्बनच्या बाजूला एक माणूस मला सापडला होता आणि विचारायला जागा नव्हती.

म्हणून पोस्टानं कार्ड पाठवलं. संपर्क झाल्याची पावती म्हणून हॅम एकमेकांना कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात. मागं हातानं दोन ओळी लिहिल्या: हे गाव पूर्वी सीआर८ मध्ये होतं, तुमच्याकडे तसं जुनं कार्ड कुणाकडे आहे का? तीन महिन्यांनी उत्तर आलं. कार्ड त्याच्याकडे नव्हतं. पण त्याचे काका १९६१ मध्ये शिपाई म्हणून गोव्यात होते, डिसेंबरनंतर इतरांसारखे मे १९६२ पर्यंत कैदेत राहिले, आणि घरी आल्यावर गोव्याबद्दल वाईट कधी बोलले नाहीत, फक्त आंब्याबद्दल बोलायचे. एवढंच. आमच्या घरात त्या काळाबद्दल राग आहे आणि तो रास्त आहे, पत्रादेवी विसरायची नाही. तरीही ते कार्ड मी फोटोंच्या अल्बममध्ये ठेवलं आहे.

आता मुद्द्याचं. आजचे संपर्क संगणकात एक ओळ होऊन राहतात, इंटरनेटवरच्या नोंदवहीत पक्के होतात, कार्डं कमी झाली. नोंद पक्की असते, पण तिच्यात आंबे येत नाहीत. आणि सीआर८ च्या काळातलं तर आपल्याकडे जे असेल ते कागदावरच असणार. कोण होते ते ऑपरेटर, कुठल्या घरातून बोलत होते, हे सांगू शकणारी पिढी आता संपत आली आहे.

तर मंडळी, एक काम करा. जुन्या घरात, पेटीत, पुस्तकांत पोस्टकार्डाएवढं एखादं कार्ड सापडलं, त्यावर ठळक अक्षरांत सीआर८ आणि पुढं आणखी एक-दोन अक्षरं, तारीख, वेळ, मीटर असं काही लिहिलेलं असलं, तर ते रद्दीत देऊ नका. पोर्तुगीजमध्ये आहे म्हणून कुणी बाजूला टाकलं असेल, तेही पाहा. दोन्ही बाजूंचा फोटो काढून इथं टाका, कुठल्या वाड्यावर सापडलं तेही लिहा. 'सोडवणेचो आवाज' तुमच्या घरी कुणी ऐकलेला असेल तर त्यांच्याकडून आजच विचारून घ्या. वाक्य अर्धं आठवत असलं तरी चालेल, उरलेलं आपण सगळे मिळून जोडू.