द्रोणांतील दिवा आणि विजेची होडी

त्रिपुरी पौर्णिमेस नाशिकच्या घाटांवर गोदावरींत दिवे सोडतात. पळसाच्या पानांचा काड्यांनीं टांचलेला द्रोण, त्यांत थोडें तेल किंवा तूप, आणि एक वात. एवढीच ती नौका. तिला सुकाणू नाहीं कीं नावाडी नाहीं. तरी तिच्या रचनेंत एक हिशेब आहे, व त्याचें आम्हांस कौतुक वाटतें. तळाशीं असलेलें तेल हें तिचें इंधन, आणि तेंच तिचें नीरम. गलबत कलंडूं नये म्हणून खलाशी तळांत दगड भरतात, तें काम येथें तेल करितें. तें जळत जातें तशी नौका हलकी होऊन डुलूं लागते; परंतु तोंवर वातहि सरत आलेली असते.

याच तिथीस गोमंतकांत साखळीजवळ विठ्ठलापूर येथें वाळवंटी नदींत शृंगारलेल्या, दिव्यांनीं उजळलेल्या होड्या सोडतात. ओरिसांत केळीच्या सोपटाच्या नौका सोडून जावा-बालीस जाणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांचें स्मरण करितात.

अशा होडींत वीज आणावयाची तर अडचण निराळी. न्यूयॉर्क येथें 1882 सालीं एडिसनचे सहकारी जॉन्सन यांनीं नाताळच्या झाडावर विजेचे 80 दिवे लावले. त्यांना घरांतून तार पुरवितां आली. होडीस तार कोठून जोडणार? तिनें आपली वीज आपणच वाहिली पाहिजे. व्होल्टानें 1800 सालीं विद्युद्घटांची रास प्रसिद्ध केली, आणि 1838 सालीं याकोबीनें रशियांतील नेवा नदीवर घटमालेच्या बळावर नाव चालवून दाखविली. पण त्या घटांतील जस्त झिजून जाई, आणि खर्च डोईजड होई. पुनःपुन्हा भरतां येणारा शिशाचा घट प्लांतेनें 1859 सालीं केला, तेव्हां कोठें मार्ग सुकर झाला.

शिसें जड, म्हणून तो घट होडीच्या तळाशीं मध्यभागीं ठेवावा, म्हणजे येथेंहि इंधन आणि नीरम एकच. मात्र एक भेद राहतो, व आमच्या मतें तोच मुख्य आहे. तेल जळून जातें. घट रिता झाला तरी त्याचें वजन होतें तेवढेंच राहतें. तो परत आणावाच लागतो. आज नखाएवढ्या सेलवर जळणारे दिवे मिळतात. ते थर्मोकोलच्या द्रोणांत ठेवून नदींत सोडणें सोयीचें वाटतें खरें. वाऱ्यानें ते विझत नाहींत. पण पान कुजतें. तो सेल आणि तो द्रोण गाळांत तसेच पडून राहतात. ज्या होडीस दोरी बांधून कांठास आणावयाचें आहे, तिच्यावर विजेच्या माळा खुशाल चढवाव्या. हातांतून सोडावयाच्या दिव्यास पळसाचें पानच बरें, मग तो लक्ष्मणकुंडापर्यंत न पोंचतां विझला तरी चालेल.