मोरचुदाची समुद्रयात्रा

श्रीवर्धनला माझ्या माहेरी मृगाच्या आधी बोर्डो करायचा दिवस ठरलेला असे. मोरचुदाच्या निळ्या खड्यांची पुरचुंडी रात्रभर प्लास्टिकच्या पिंपात लोंबकळत ठेवायची, दुसऱ्या पिंपात कळीचा चुना विरवायचा आणि सकाळी दोन्ही एकत्र ओतायचं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आजोबा त्यात घासलेल्या विळ्याचं पातं बुडवून बघत. पात्यावर तांबूस पुट चढलं की चुना कमी पडला असं समजायचं आणि आणखी घालायचा. मग पोफळीवर चढणारा गडी सुपारीच्या घडांवर फवारा मारी. कोळेरोगावर आमच्या बागेत हा एकच उतारा होता.

तोच निळा खडा मला पुन्हा भेटला पनवेलजवळच्या करंजाड्यात, समुद्राच्या माशापायी.

गाढी नदीच्या या काठाला सिडकोच्या वसाहतीत आम्ही राहायला आलो आणि मुलाच्या हट्टाने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. खाडी इथून लांब नाही, पण तिचं गढूळ पाणी टाकीला चालत नाही. नळाचं पाणी आरओतून काढायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळायचं आणि घरातच समुद्र करायचा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाजूला निघतं. टँकरची वाट बघणाऱ्या वसाहतीत ते साठवून लादीला, भांड्यांना वापरणार नसाल तर हा छंद करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एके दिवशी ब्लू टँग माशाच्या निळ्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने तांब्याच्या औषधाची बाटली दिली, ती मी टाकीत ओतली. दोन दिवसांत गोगलगायी आणि कोळंबी मेल्या. चौथ्या दिवशी ठिपके गेले, मासा बरा झाला असं आम्ही समजलो. आठवड्याने ठिपके दसपटीने परत आले आणि मासा गेला. त्यानंतर मी बाटलीवरचं लेबल वाचलं. त्यात कॉपर सल्फेट होतं, म्हणजे आमचा मोरचूद.

या खड्याचं कूळ मोठं जुनं आहे. अमरकोशात तुत्थाबरोबर त्याचं शिखिग्रीव असंही नाव येतं, म्हणजे मोराच्या मानेसारखा. रसशास्त्रात तो सस्यक. आपल्या मोरचुदातही मोर आहेच. बागेत तो आला तो मात्र फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून. 1882 च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डो विद्यापीठातले मिलार्दे मेदोक भागातल्या सँ-जुलियाँ इथून चालले होते. केवडा रोगाने सगळ्या वेलींची पानं झडली होती, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्यांच्यावर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडलं होतं. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी हेच मिश्रण कोळेरोगासाठी सुपारीवर आणलं. आजोबांच्या पिंपापर्यंतची वाट ही अशी आहे.

पानावरून पाण्यात जायला त्याला फार वेळ लागला नाही. 1904 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी पाणीपुरवठ्याच्या तलावांतलं शेवाळ अगदी थोड्या कॉपर सल्फेटने मारता येतं, हे दाखवलं.

इकडे माशांचे रोग ओळखण्याची विद्या स्वतंत्रपणे वाढत होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि ‘अक्वेरियम’ हा शब्द पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक गॉस यांच्या पुस्तकाने रूढ केला. समुद्रात एक मासा आजारी पडला तर रोगाचे जंतू अथांग पाण्यात पांगतात. काचेच्या चार भिंतींत ते त्याच माशावर पुन्हा पुन्हा येतात. म्हणून हे रोग समुद्रापेक्षा मत्स्यालयात आधी ठळक दिसले आणि त्यांना नावंही मत्स्यालयांतूनच मिळाली. 1931 मध्ये ई. एम. ब्राउन यांनी समुद्री माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर वाढणारा एक सूक्ष्म परजीवी नोंदवला. तो आज अमायलूडिनियम म्हणून ओळखला जातो आणि छंदी लोक त्या रोगाला व्हेल्व्हेट म्हणतात. माझ्या टँगला मारणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या जिवाचं वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी 1937 मध्येच केलं होतं. त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हे नाव ब्राउन यांनीच 1951 मध्ये दिलं. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी समुद्राचे जिवंत मासे पहिल्यांदा तिथे पाहिले, मीही त्यांतलीच.

व्हेल्व्हेटचा परजीवी शेवाळाच्या लांबच्या नात्यातला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी 1955 मध्ये त्यावर कॉपर सल्फेटचा उपाय प्रसिद्ध केला आणि मोरचूद समुद्राच्या माशांचा वैद्य झाला. पुढे तो पांढऱ्या ठिपक्यांवरही वापरात आला.

पण मात्रा बघा. बोर्डोत लिटरमागे दहा ग्रॅम मोरचूद पडतो. माशाच्या पाण्यात मोकळं तांबं हवं लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, म्हणजे मोरचूद साधारण पाऊण मिलिग्रॅम. फरक दहा हजार पटींहून जास्त आहे. याहून कमी पडलं तर परजीवी जगतो, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. चिमटीने किंवा टोपणाने हे मोजता येत नाही. टेस्ट किटने रोज तपासावं लागतं. बाटलीतलं तांबं बांधलेलं, म्हणजे चिलेटेड असेल तर मात्रा वेगळी आणि किटही त्याला जुळणारं लागतं.

आजोबांचा चुना मला इथे आठवला. बोर्डोत चुना तांब्याला धरून ठेवतो, म्हणून पान जळत नाही आणि औषध पावसात टिकतं. समुद्री टाकीतली प्रवाळाची वाळू आणि सच्छिद्र दगडही चुन्याचेच असतात. तेही तांब्याला धरतात, फक्त इथे ते नको असतं. सकाळी घातलेलं औषध संध्याकाळी पाण्यात सापडत नाही आणि पुढे ते दगड टाकीतल्या गोगलगायी-कोळंबींसाठी कायमचे धोक्याचे होऊन बसतात. मी औषध माशाला दिलं नव्हतं, दगडांना दिलं होतं. शेतात जो चुना औषधाचा सोबती, तोच टाकीत त्याचा शत्रू. म्हणून उपचार वेगळ्या, उघड्या टाकीत करायचा: वाळू नाही, दगड नाही, फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे.

ठिपके जाऊन परत का आले, तेही समजून घ्यायला हवं. हा परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस वाढतो. तिथे तांबं पोचत नाही. मग तो गळून तळाशी कोष करतो आणि कोषातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. तांबं मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. ठिपके नाहीसे झाले याचा अर्थ रोग माशावरून तळाशी उतरला, एवढाच. काही कोष उघडायला 72 दिवस लागल्याची नोंद प्रयोगशाळेत झाली आहे. त्यामुळे मासे जिथे आजारी पडले ती मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

आणि प्रत्येक रोगाला मोरचूद लागू पडत नाही. क्लाऊनफिशच्या अंगाला चिकट पांढरट बुळबुळ सुटली आणि कातडी सोलल्यासारखी दिसली तर तो बहुधा ब्रूकलिनेला. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले रॉस निग्रेली आणि त्यांचे सहकारी लोम यांनी 1970 मध्ये त्याला ओळख दिली. मत्स्यालय ब्रुकलिनमध्ये, म्हणून हे नाव. त्यावर फॉर्मेलिन चालतं, तांबं नाही. परांवर फुलकोबीसारख्या गाठी आल्या तर तो विषाणूचा लिंफोसिस्टिस, त्याला औषधच नाही. चांगलं पाणी आणि चांगला आहार मिळाला तर तो बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. व्हेल्व्हेट सगळ्यात घातक, कारण तो आधी कल्ल्यांत शिरतो. अंगावर सोनेरी धूळ दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

पनवेलच्या बाजारात मासळीवाली कल्ला उचलून दाखवते आणि म्हणते, “ताई, बघ, लालभडक आहे.” जिवंत माशाचा कल्ला आपल्याला उचलता येत नाही, पण त्याची उघडझाप मोजता येते. मी रोज सकाळी दिवा लावायच्या आधी टॉर्चच्या उजेडात एक मिनिट मोजते. नेहमीपेक्षा आकडा वाढला, मासा प्रवाहापाशी जाऊन थांबला, दगडाला अंग घासू लागला किंवा त्याने खाणं सोडलं की ठिपक्यांची वाट न बघता त्याला वेगळं काढते.

तुम्ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडणार असाल तर एक विनंती आहे. पहिला मासा आणण्याआधी दुसरी, रिकामी टाकी आणा. चाळीस लिटरची पुरते. नवा मासा निदान महिनाभर तिच्यात राहू द्या, आणि मोरचुदाचा एक थेंबही मोठ्या टाकीत पडू देऊ नका.