दगडफुलाचें बिऱ्हाड

गोड्या मसाल्यांतलें दगडफूल गृहिणींच्या नित्य परिचयाचें; पण तें फूल नव्हे, किंबहुना एकच जीवही नव्हे. श्रोतेहो, १८६७ सालीं स्वित्झर्लंडचे सायमन श्वेंडेनर यांनीं ही गोष्ट जाहीर केली, तेव्हां मोठमोठे विद्वानही बिथरले. दगडफूल म्हणजे बुरशी व शेवाळ यांचें एकत्र बिऱ्हाड; आणि १८६९ मध्यें तर त्यांनीं बुरशीला धनीण व शेवाळाला तिचा गुलाम ठरविलें! सूर्यप्रकाशांत अन्न शिजवावें शेवाळानें, जगावें बुरशीनें. पॅरिसवासी विल्यम नायलांडर यांनीं ही कल्पना अखेरपर्यंत मानली नाहीं. १८७८ मध्यें आंतोन द बारी यांनीं अशा सहवासास ‘सिंबायोसिस’ म्हणजे सहजीवन म्हटलें. लोक त्याचा अर्थ निव्वळ मैत्री असा करूं लागले. द बारींच्या व्याख्येंत परोपजीवनही येत होतें, हें आम्ही मास्तर मंडळीही शिकवितांना विसरलों. बुरशी आसरा देते खरा. परंतु कांहीं जातींचें शेवाळ तिच्यावांचून मोकळेंही जगतें, बुरशीस निसर्गांत तें सहसा साधत नाहीं. मग गुलाम कोण? २०१६ सालीं अनेक दगडफुलांच्या सालींत यीस्ट हा तिसरा बिऱ्हाडकरू सांपडला, आणि श्वेंडेनरांचा दोघांचा हिशेबही अपुरा ठरला.