माशी, खाच आणि चाळिशी

मराठीने एक वय आणि एक वस्तू एकाच शब्दात बसवली आहे. चाळिशी लागली म्हणजे माणूस चाळीस वर्षांचा झाला, आणि चाळिशी नाकावर चढली म्हणजे जवळचे दिसेनासे झाले. नेमाच्या बाबतीतही भाषेने असाच घोळ घालून ठेवला आहे. आज ‘शिस्त’ म्हटले की शाळेतली रांग आठवते. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. तिरंदाजाच्या अंगठ्यापाशी सुरू झालेला हा फारसी शब्द प्रार्थनेच्या रांगेपर्यंत कसा पोचला, हा वेगळा विषय. इथे मुद्दा एवढाच की चाळिशी आणि शिस्त या दोघींची गाठ एका जागी हमखास पडते, ती म्हणजे भरमार बंदुकीच्या नळीवर. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू या तालुक्यांतली वावरे जंगलाला खेटून आहेत. बोरचे अभयारण्य १९७० सालचे, २०१४ पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे. पण शेतकऱ्याचे भांडण वाघाशी कमी आणि रोही (नीलगाय) व रानडुकरांशी जास्त. तूर, हरभरा, सोयाबीन यांची जागल करायला धुऱ्यावरच्या मचाणावर जो माणूस रात्र काढतो तो बहुधा विशीतला नसतो. त्याच्या हातात परवान्याची भरमार असेल तर तिच्या नळीवर नेमाची सोय इतकी तुटपुंजी का, या प्रश्नाला ‘गावठी बंदूक, गावठी नेम’ असे उत्तर दिले जाते. ते उत्तर मला चुकीचे वाटते. भरमारीचा नेम कारागिराच्या अडाणीपणामुळे कच्चा राहिलेला नाही. तो राज्यकर्त्यांनी ठरवून कच्चा ठेवला, आणि वय झालेल्या डोळ्याला त्याची किंमत सगळ्यांत जास्त मोजावी लागते.

आधी वस्तू नीट पाहू. भरमार तोंडाकडून भरतात, म्हणून पुस्तकी मराठीत ती ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा ठासणीने दाबायचा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा; शेवटी नळीच्या मुळाशी टोपी बसवून घोडा चढवायचा. एवढे सोपस्कार एका बारासाठी, त्यामुळे तो चुकला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर धुरा ओलांडून गेलेले असते. नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी असतो, ती माशी. मुळाकडे, असलीच तर, एक खाच असते. खाचेतून माशी पाहायची आणि माशीवर जनावर ठेवायचे, असा हा तीन ठिकाणांचा हिशेब. खाच डोळ्यापासून तीस-चाळीस सेंटिमीटरवर, माशी मीटर-सव्वा मीटरवर आणि जनावर तीस मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. तरुण डोळा या तिन्हींवर इतक्या झपाट्याने उड्या मारतो की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो. ही उडी डायॉप्टरमध्ये मोजतात. डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्त, म्हणून मीटरभरावरच्या माशीला एक लागतो आणि खाचेला अडीच ते तीन. दहा वर्षांच्या मुलाच्या गाठीला असे बारा-चौदा डायॉप्टर असतात, चाळिशीत चार-पाच उरतात, साठीत जेमतेम एक. म्हणजे साठीतल्या जागल्याला माशी कशीबशी मिळते आणि खाच हातची जाते. तिच्या कडा लोकरीसारख्या पसरतात, मधली फट भरून येते आणि माशी त्या करड्या धुक्यात डावीकडे आहे की उजवीकडे, हे सांगता येत नाही.

आता इतिहास. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी तोडेदार बंदुका वापरणारे अरब होते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला आणि त्यानंतर नागपूर शहरात त्यांनी इंग्रजांना चांगलेच झुंजवले. त्या लांब नळीच्या बंदुकांवर माशी आणि खाच दोन्ही असत. आपल्याकडच्या कारागिराला नेमाची साधने ठाऊक नव्हती, हे म्हणणे इथेच निकालात निघते. खरा फरक पडला तो पुढे. १८५३ नमुन्याची एनफील्ड ही तोंडाकडून भरायची रायफल. नळीत आटे, आणि मागे नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा असलेली, शिडीसारखी वरखाली होणारी नेमपट्टी. १८५७ च्या उठावाचे निमित्त म्हणून तिची काडतुसे सर्वांना माहीत आहेत. उठावानंतर त्याच बंदुकीचे काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. देशी पलटणींसाठी १८५८ चा वेगळा नमुना निघाला. बाहेरून तीच एनफील्ड, पण नळी आतून गुळगुळीत. आणि मागची शिडी जाऊन तिच्या जागी एक ठोकळा, त्यात एकच ठरीव खाच. आटे काढले हे राजकारण म्हणून समजते, कारण शिपायाची गोळी गोऱ्या सोजिराच्या गोळीइतकी लांब जाऊ नये असा तो हिशेब होता. पण त्याबरोबर नेमही काढला गेला. दूर जाणारच नाही त्या गोळीला चांगला नेम कशाला, हा तर्क तेव्हापासून आपल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला चिकटून बसला.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा निघाला, तो उठावानंतरच्या नि:शस्त्रीकरणाच्या ऐन भरात. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवला. कोडगूच्या लोकांना त्यातून सूट होती, वर्ध्याच्या कुणब्याला नव्हती. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी भरमारीचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. भरमार पुरेशी पडणार नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच त्याच कामासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने १८७८ पेक्षा हे कितीतरी उदार. पण १८५८ ची उतरंड त्यातही शाबूत राहिली: पिकासाठी भरमार, आणि भरमार म्हणजे आटे नसलेली. शेतकऱ्याच्या हाती रायफल नाही म्हणून रायफलीवरचा नेमही नाही. शिवाय बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करायलाही परवाना लागतो, त्यामुळे गावच्या लोहाराने हौसेने खाच कानशीने रुंद करून देण्याचे दिवसही सरले. नियम योग्यच आहे; पण ज्याची दृष्टी बदलते आणि ज्याच्या हातात कानस असते, त्या दोघांमधले अंतर त्याने वाढवले हेही खरे.

यावर पहिला आक्षेप जाणकारच घेतील. भरमार छर्ऱ्यांची, तिचा मार पसरणारा. नळी वळवायची आणि बार काढायचा, माशी-खाच हा रायफलवाल्यांचा चोचला. पाखरांच्या थव्यापुरते हे खरे आहे. पण रानडुक्कर छर्ऱ्यांच्या कडेच्या दाण्यांनी मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुक्कर पऱ्हाटीत दडून बसले की सकाळी कापूस वेचायला येणाऱ्या बाईला त्याचा पहिला पत्ता लागतो. एकच गोळी भरली असेल तर पसाऱ्याचा आधारही संपला. तिथे आकडे बोलतात. खाच आणि माशी यांत पंचाहत्तर सेंटिमीटर अंतर असेल आणि धूसर दिसल्यामुळे माशी एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर तीस मीटरवर गोळी चार सेंटिमीटर सरकते. साठीतल्या डोळ्याची चूक एका मिलिमीटरवर थांबत नाही. तीन-चार मिलिमीटर सहज होते, म्हणजे अर्ध्या वितेहून जास्त. नुसता आवाज करून जनावर पिटाळायचे असेल तर नेम नको, हे मान्य. पण त्याला बंदूकही नको, फटाके पुरतात.

उपाय नवे नाहीत, हीच तर या गोष्टीतली गंमत. जुन्या तुर्की ठासणीच्या रायफलींवर खाचेऐवजी उभी पट्टी असे आणि तिच्यात एकाखाली एक बारीक भोके. भोकातून पाहिले की डोळ्यात शिरणारी किरणे बारीक होतात आणि जवळचे-दूरचे दोन्ही एकदम रेखीव दिसते. नेत्रतपासणीत डॉक्टर छिद्राची काळी चकती डोळ्यासमोर धरतात, ती याच तत्त्वावर. तिचे भोक साधारण सव्वा मिलिमीटरचे असते. दुसरा लाभ असा की भोक पाहावे लागत नाही, त्यातून पाहावे लागते; डोळा आपोआप मध्यावर येतो आणि तीन ठिकाणांचा हिशेब दोनवर उतरतो. थकलेल्या डोळ्याला याहून मोठी सवलत नाही. अडचण एवढीच की डुकरे दुपारी बाराला येत नाहीत. सव्वा मिलिमीटरच्या भोकातून संध्याकाळचा उजेडही पुरा येत नाही, आणि म्हाताऱ्या डोळ्याची बाहुली मुळातच अंधारात कमी फाकते. म्हणून मैदानावरच्या चांदमारीचे बारीक भोक जागलीला निरुपयोगी. तिथे पातळ कडेचे मोठे कडे हवे. त्याने रेखीवपणा फारसा वाढत नाही, पण धूसर खाचेची कटकट जाते. कडे नको असेल तर खाच नळीवर पुढे सरकवायची. तीसवरून साठ सेंटिमीटरवर नेली की डोळ्यावरची मागणी निम्मी होते. बदल्यात खाच-माशीतले अंतर घटते आणि मघाची एक मिलिमीटरची चूक तीस मीटरवर चाराऐवजी सहा-सात सेंटिमीटर होते. तीन मिलिमीटर धूसर चुकण्यापेक्षा एक मिलिमीटर स्वच्छ चुकलेले बरे, हा सौदा मला पटतो. माशी उन्हात चकाकत असेल तर दिव्याची काजळी, अंधारात हरवत असेल तर पांढरा ठिपका. या दोन गोष्टींना तर कारागीरही लागत नाही.

दुसरा आक्षेप जिल्ह्याच्या नावातूनच येतो. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथे बंदुकीचा नेम सुधारण्याची चर्चा करावी का? गांधींना या प्रश्नात ढकलणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे तपासलेले नसते. अख्ख्या देशाला नि:शस्त्र करणारा कायदा ही इंग्रजी राज्याची काळी करणी, असे त्यांनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात म्हटले होते आणि आत्मकथेत त्याची नोंदही ठेवली. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी पीक खाणाऱ्या माकडांचा विषय काढून, शेती करायची तर टाळता न येणारी कमीत कमी हिंसा पत्करावी लागेल, असे सरळ लिहिले. ‘कमीत कमी’ हे शब्द मी नेमाच्या बाजूने वाचतो. मारण्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, ती असली तरी चुकलेला बार हा हिंसेचा वाढीव हिस्साच आहे. तिसरा आक्षेप जास्त वजनदार: ज्याला माशी दिसत नाही त्याने बंदूक खालीच ठेवावी. इथे मी अर्धा सहमत आहे. मोतीबिंदूने समोरची आकृतीच गढूळ केली असेल, डुक्कर की शेजारच्या धुऱ्यावरचा वाकलेला माणूस हे कळत नसेल, तर कडे, काजळी, ठिपका सगळे फोल, आधी शस्त्रक्रिया. पण चाळिशीचा दोष तसा नाही. दूरचे स्वच्छ दिसते, फक्त नळीवरचे लोखंड धूसर होते. मोतीबिंदू काढून दूरचे भिंग बसवलेल्या माणसाचीही हीच गत, कारण साध्या कृत्रिम भिंगाला उडी मारता येत नाही.

‘मग चष्मा लावा’ असे कुणी म्हणेल. तोच तर घोटाळा आहे. भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याचा इतिहास धुंडाळला, तेव्हा त्यांना सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला विजयनगरचे व्यासराय चष्म्याने ग्रंथ वाचताना सापडले. चाळिशी तेव्हापासून पोथीची. आजही जवळचा नंबर काढताना समोर धरतात तो छापील मजकूर, चाळीस सेंटिमीटरवर, आणि साठीत त्याचे उत्तर अडीचच्या आसपास येते. तो चष्मा लावून मचाणावर बसलेल्या माणसाला खाच छान दिसते, माशी धूसर, आणि रोही म्हणजे नुसता एक डाग. त्याला हवा असतो दूरच्या नंबरात मिळवलेला फक्त अर्धा डायॉप्टर, जो मीटरभरावरची माशी आणि तीस मीटरवरचे जनावर यांच्या मधोमध पडतो. दोन्ही पुरेशी दिसतात, आणि धूसर राहते ती एकटी खाच, जिला कड्याने किंवा पुढे सरकवून सांभाळता येते. हे मागायला नेत्रशिबिरात बंदूक नेता येत नाही, नेऊही नये. घरीच, रिकामी भरमार खांद्याला लावून, डोळ्याच्या कोपऱ्यापासून माशीपर्यंत सुतळी धरावी, तिथे गाठ मारावी आणि ती सुतळी खिशात घालून जावे. डॉक्टरांनी वाचायचा कागद पुढे केला की सुतळी ताणून धरावी आणि म्हणावे, कागद इथे धरा.