अधिवासाचा दाखला आणि कायद्याचे शिक्षण

भारतीय संविधानाच्या कलम 15 मध्ये जन्मस्थानावरून भेदभावास मनाई आहे. रहिवासाचा उल्लेख तिथे नाही. याच फरकावर 1955 साली सर्वोच्च न्यायालयाने डी. पी. जोशी खटल्यात मध्य भारतातील रहिवाशांना दिलेली शुल्कसवलत वैध ठरवली. तो वाद इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा होता. पण कायद्याच्या प्रवेशांनाही तोच आधार मिळाला. 1984 च्या प्रदीप जैन निकालाने मात्र सर्वच जागा स्थानिकांसाठी राखण्यास नकार दिला.

नाशिकचे एन. बी. टी. विधी महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न. राज्याची विधी सीईटी 2016 मध्ये सुरू झाली आणि इथलेही प्रवेश राज्यस्तरीय प्रक्रियेत आले. तेव्हापासून राज्याचे उमेदवार आणि बाहेरचे अशा वेगळ्या याद्या लागतात. त्यामुळे तहसील कार्यालयाच्या अधिवास दाखल्याला गुणांइतकेच, कधी थोडे जास्तच, वजन आले. भाड्याच्या घरांतून फिरलेल्या कुटुंबाला जुना रहिवास सिद्ध करताना दमछाक होते, हे नियम करणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रश्न वेगळा. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2020 मध्ये बंगळूरुच्या विद्यापीठातील 25 टक्के स्थानिक आरक्षण रद्द केले.